पाण्याला घाई होऊ देऊ नकोस

भिलाई,
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. छकुली,

तुझं पत्र परवा मिळालं. फोनवर दोन मिनिटांत विचारून मोकळी झाली असतीस, तरी तू पानंच्या पानं भरून सगळं नीट विचारलंस याचं मला एवढं अप्रूप वाटलं की चष्मा पुसून मी ते पुन्हा वाचलं, आणि मग शेजारच्या काकूंनाही वाचून दाखवलं (रागावू नकोस हो, तुझं अक्षर दाखवायचं होतं). तू माझ्या धाकट्या बहिणीची नात, पण जन्म तुझा इथला, सेक्टर नऊच्या दवाखान्यातला, आणि बारसंही याच क्वार्टरमध्ये झालेलं, तेव्हा माझाही तुझ्यावर निम्मा हक्क आहे असं मी धरूनच चालते.

तर तुझ्या शेतकी कॉलेजच्या प्रकल्पाला तू पाऊस, झाडोरा आणि वाहून जाणारी माती हा विषय घेतलास, आणि भिलाईला येऊन पंधरा दिवसांत मोजमाप उरकून परत नागपूर गाठायचं ठरवलंस. विषय उत्तम आहे. तुझ्या बुद्धीची आणि कष्टाची मला तिळमात्र काळजी नाही, तू हात लावशील ते मनापासून करशील हे मला ठाऊक आहे. काळजी वाटते ती त्या पंधरा दिवसांची. पाऊस आपल्या सुटीच्या तारखा बघून येत नाही, बाई, आणि आला तरी मृगातला पाऊस एक वागतो, मघांमधला दुसरंच.

आता बैस निवांत, मी आपली सावकाश सांगते. चाळीस पावसाळे शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईला एवढी मुभा असावी.

आपल्या दुर्ग-भिलाईकडे वर्षाला साधारण अकराशे ते बाराशे मिलिमीटर पाऊस होतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पण हा वर्षाचा आकडा तुझ्या फारसा कामाचा नाही. माती वाहते ती तासाच्या आकड्यावर. दिवसभर रिपरिप लागून चाळीस मिलिमीटर पडला तर तो बराचसा जागच्या जागी मुरतो, परसातल्या वाफ्यांतून गढूळ पाणीसुद्धा निघत नाही. तेवढाच पाऊस संध्याकाळी अर्ध्या तासात कोसळला की नाल्या तांबड्या होऊन धावतात. आफ्रिकेत वर्षानुवर्षं हे मोजणारे नॉर्मन हडसन म्हणून एक शास्त्रज्ञ होते. तासाला सुमारे पंचवीस मिलिमीटरपेक्षा सौम्य पावसाने माती जवळजवळ हलतच नाही, असा त्यांचा अनुभव होता. आपला पाऊसही उष्ण मुलखातला, जोराच्या सरींचा, म्हणून हा हिशेब आपल्यालाही जवळचा.

आणि सर जोराची असली म्हणजे तिचे थेंबही मोठे असतात. पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब जमिनीवर येतो तो सेकंदाला नऊ मीटर, म्हणजे तासाला तीस-बत्तीस किलोमीटर वेगाने. उघड्या मातीवर तो आदळला की ढेकूळ फुटतं आणि मातीचे कण दोन फूट उंच आणि दीड मीटरपर्यंत लांब उडतात. हे पुस्तकातलं वाटत असेल तर आल्या दिवशी आपल्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभी राहा. न्हाणीघराच्या बाजूला जमीन उघडी आहे, तिथे चुन्याच्या भिंतीवर खालपासून गुडघ्यापर्यंत तांबडा पट्टा चढलेला दिसेल. खाली दाट ठिपके, वर विरळ होत गेलेले. तीच भिंत नळापाशी बघ, जिथे मी गवती चहा लावलाय आणि दूर्वा पसरल्या आहेत. तिथे चुना जसाच्या तसा पांढरा. पाऊस एकच, छताची पागोळी एकच, माती एकच. दर दिवाळीला रंगारी मला म्हणतो की माताजी, एवढा कोपरा घासावाच लागत नाही.

थेंबाचं काम इथेच संपत नाही. फुटलेल्या ढेकळातले बारीक कण जमिनीच्या छिद्रांत जाऊन बसतात आणि दुधावर साय धरावी तशी मातीवर पातळ खपली धरते. मग खालची माती कोरडी असूनही वरचं पाणी आत शिरू शकत नाही आणि उताराने निघतं. मुलं शाळेत मला सांगायची की जमीन पिऊन पिऊन भरली की पाणी वाहतं. ते खरंच आहे, पण उघड्या जमिनीवर बरेचदा ती भरायच्या आधीच वाहू लागतं, कारण तिचं तोंड मिटलेलं असतं.

आता झाडोऱ्याकडे येते. हडसनसाहेबांनी ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, १९५० च्या दशकात एक प्रयोग मांडला तो मला फार आवडतो, कारण त्याला घरातल्या वस्तू पुरतात. जमिनीचे दोन सारखे तुकडे घेतले, दोन्हींवरचं गवत-तण उपटून अगदी बोडके केले, आणि एका तुकड्यावर थोड्या उंचीवर मच्छरदाणीची जाळी ताणली. पाऊस दोन्हींवर सारखाच पडायचा, फक्त जाळीवर आपटून थेंबाचा चुरा व्हायचा आणि पाणी हळू खाली झिरपायचं. मूळ नाही, पान नाही, नुसती जाळी. तरी उघड्या तुकड्यावरून जी माती गेली ती जाळीखालच्या तुकड्याच्या शंभर पटींहून जास्त भरली. आणि छकुले, त्यांनी हे दहा वर्षं मोजलं. पंधरा दिवसांचा हिशेब लिहिताना ते एकदा मनात आणशील ना?

म्हणजे मातीला आधी हवं ते पांघरूण. मुळं माती धरतात, काड्या पाणी अडवतात, सगळं खरं. पण पहिला मार कोणी अंगावर घ्यायचा हा प्रश्न आधीचा आहे. इथे एक गोष्ट मात्र नीट ऐक, कारण शिकलेली माणसंसुद्धा इथे गडबडतात. झाड लावलं म्हणजे माती वाचली असं होत नाही. आपल्या टाउनशिपमध्ये सावलीला तोटा नाही, रस्तोरस्ती मोठाली झाडं आहेत, पण त्यांच्या खालची जमीन बघ. रोज खराट्याने झाडून लखलखीत केलेली, पाला एका कोपऱ्यात लोटून काडी लावलेली. वरून सात-आठ मीटरवरून जो थेंब पानावरून निसटतो त्याला खाली येईपर्यंत जवळजवळ सगळा वेग परत मिळतो. सागाचं तर आणखी अवघड. त्याचं पान सुपाएवढं, त्यावर पाणी साचून आभाळातल्या थेंबापेक्षाही मोठे थेंब गळतात. म्हणून सागाखाली गवत आणि पाचोळा नसेल तर मुळ्या उघड्या पडलेल्या दिसतात. काम करतो तो जमिनीला चिकटून असलेला थर, पाला, गवत, काडीकचरा.

नागपूरहून येताना गाडी सालेकसा-दरेकशाच्या जंगलातून येते, तेव्हा मोबाइल जरा पिशवीत ठेव आणि खिडकीतून झाडांच्या बुंध्याशी बघ. चैत्रात मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवायची रीत या सगळ्या पट्ट्यात आहे. त्या गरिबांचं पोट त्या फुलांवर, त्यांना मी काय बोलणार, पण पाऊस लागायच्या तोंडावर नेमकी तीच जमीन उघडी होऊन बसते. काही ठिकाणी आता झाडाखाली जाळी बांधून फुलं झेलतात. पुन्हा जाळीच बघ!

मीही अंगण झाडते, पण पुढचंच. तुळशीपाशी सडा घातल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही हे तुला माहीत आहे. मागच्या बारीतलं, म्हणजे परसबागेतलं, एक पान मात्र मी बाहेर जाऊ देत नाही. आंब्याचा, पेरूचा, शेवग्याचा सगळा पाला मिरचीच्या आणि भेंडीच्या आळ्यांत. तुझे मोठे आजोबा इथल्या स्टील प्लांटमधून निवृत्त झाल्यावर म्हणायचे की हिच्या हातून कचरासुद्धा सुटत नाही, आणि मग स्वतःच शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरचा पाला पोत्यात भरून आणायचे. घरात पै-पैसा जपतो तसा पाला जपावा, त्याला खर्च काहीच नाही.

आता वाहत्या पाण्याकडे ये. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते किती वजनाचा दगड ढकलू शकेल? माझ्या वर्गात सगळे म्हणायचे दुप्पट. कोणी फार हुशार असला तर चौपट. खरं उत्तर चौसष्ट पट. वेगाचा सहावा घात, असा तो जुना नियम आहे. म्हणून उतारावर गवताची एक ओळ, दगडांची एक ताल, वीतभर उंच बांध, एवढ्यानेही केवढा फरक पडतो बघ. पाणी थांबायलाच हवं असं नाही, त्याने चालत यावं, धावू नये. मी बारीच्या खालच्या अंगाला वाळ्याची ओळ लावली आहे (कूलरच्या ताट्यांचा वाळा तोच). त्याच्या मुळ्या सरळ खोल उतरतात, शेजारच्या रोपाला जाच करत नाहीत, आणि दाट बुंध्यापाशी पाणी अडखळून गाळ टाकून जातं. ओळीच्या वरच्या बाजूला जमीन चांगली चार बोटं चढली आहे.

आपल्या धानाच्या मुलखाला हे कधी कोणी शिकवावं लागलं नाही. माझं माहेर भंडारा जिल्ह्यातलं, तिथे शेत म्हणजे बांध्या, एकीचं पाणी भरलं की ते दुसरीत उतरायचं, दुसरीचं तिसरीत, आणि शेवटी बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, नाही तर तलावात. कोहळी लोकांनी बांधलेले ते तलाव आजही धान पिकवतात. छत्तीसगढचीही तीच रीत. इथला शेतकरी जमिनीला नावाने ओळखतो. चढावरची मुरमाड, उथळ, तांबडी ती भाटा, तिच्याखालची पिवळसर मटासी, मग डोरसा, आणि अगदी सखल भागात साचलेली काळी कन्हार. ही चार नावं पाठ करून ये, कारण पाऊस चौघींवर एक असला तरी पाणी प्रत्येकीवर निराळं वागतं. कन्हार उन्हाळ्यात हातभर भेगाळते, तिच्यात पहिल्या पावसाचं पाणी भेगांतून सरळ पोटात जातं, आणि मग माती फुगून भेगा मिटल्या की श्रावणात तीच जमीन पाणी आत घ्यायला नकार देते. मी मघाशी मृगाचं आणि मघांचं म्हणाले ते हेच. पंधरा दिवसांत तुला या जमिनीची एकच बाजू दिसेल आणि तू ती खरी मानून वहीत लिहून मोकळी होशील.

भाट्यावर मी तुला स्वतः घेऊन जाईन. गुडघे दुखतात, पण तेवढं चालेन. दोन-चार मोठ्या सरी झाल्या की उघड्या भाट्यावर उकिडवं बसून बघायचं: जिथे जिथे खडा आहे तिथे तिथे तो मातीच्या इवल्याशा खांबावर उभा दिसतो, नखभर उंच. खड्याने आपल्याखालची माती थेंबांपासून राखली, भोवतालची निघून गेली. त्या खांबाची उंची मोज. हेक्टरभर जमिनीवरचा मिलिमीटरभर थर म्हणजे सुमारे तेरा टन माती. खांब सेंटिमीटरभर भरला तर हेक्टरी एकशे तीस टनांच्या हिशेबाने त्या जागची माती हलली, आणि हे कळायला एक पट्टी पुरली. सगळ्या देशाचा अंदाज ध्रुवनारायण आणि राम बाबू या शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडला होता: वर्षाला ५३३ कोटी टन, म्हणजे हेक्टरी सोळा टनांच्या वर. ऐकायला एवढा थोरला आकडा, आणि जमिनीवर बघावं तर मिलिमीटरहून थोडा जास्त थर. म्हणूनच शेतकऱ्याला तो डोळ्यांनी दिसत नाही. त्यातली सुमारे २९ टक्के माती समुद्रात जाते, १० टक्के धरणांत बसते, बाकीची इथून उठून तिथे पडते.

आपल्याकडची कुठे जाते? नाल्यांतून शिवनाथेत, शिवनाथेतून महानदीत, आणि महानदीवर पुढे ओडिशात १९५७ साली झालेलं हिराकूड धरण आहे. त्या धरणाची साठवण गाळाने जवळजवळ पाव हिस्सा कमी झाली आहे. सगळ्या खोऱ्याची माती ती, एकट्या दुर्गची नव्हे. पण भाट्यावरच्या त्या खांबांभोवतालचा काही भाग तिथे असणारच. बालोदजवळचा तांदुळा तलाव तर शंभर वर्षांपूर्वीचा, त्याच्या कालव्याचं पाणी आपल्या मरोद्याच्या जलाशयात येतं आणि तिथून कारखान्यात आणि आपल्या नळाला. तू लहानपणी त्या पाण्यात कागदी होड्या सोडायला रडायचीस, आठवतं का? वरच्या रानात कोणी पाला राखला की जाळला, त्याचा हिशेब शेवटी आपल्या हंड्यापर्यंत येतो. काही वर्षांपूर्वी इथल्या सरकारने 'नरवा, गरुवा, घुरवा, बारी' (नाले, गुरं, खतखड्डे, परसबागा) म्हणून योजना आणली, त्यात ओढे-नाले अडवण्याचं काम पहिलं धरलं होतं. ओढा जिथून निघतो त्या चढावरचं गवत मात्र त्याच्याही आधी राखायला हवं, असं माझं मत आहे.

तुझ्या प्रकल्पाच्या प्रस्तावनेत परदेशी नावांबरोबर एक आपल्या माणसाचं नाव जरूर घाल. रावबहादूर कानिटकर. कोरडवाहू शेतीचं जे संशोधन १९२३ साली पुण्याजवळ मांजरीला सुरू झालं, ते त्यांनी पुढे नेलं, आणि १९३३ च्या सुमारास सोलापूरला केंद्र निघालं, तिथे ठरावीक मापाचे तुकडे आखून वाहून जाणारं पाणी आणि माती मोजायचं काम झालं. पाऊस थोडा, तोही लहरी, आणि जमीन काळी. त्या भागात अवर्षणाची वर्षंही यायची, तरी काम चालूच राहिलं. त्यांचं पुस्तक १९४४ साली निघालं. मांजरीपासून मोज, एकवीस वर्षं. तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात मिळालं तर उभ्याउभ्या चाळू नकोस, बसून वाच.

आता करायचं काय ते सांगते. मोठा खर्च काही नको. मागच्या खोलीत आंब्याच्या जुन्या पेट्या आहेत, त्यातल्या तीन सारख्या निवडू. तिन्हींत एकाच जागची माती, सारखीच दाबून. तिन्ही एकाच उतारावर, एका बाजूने विटेवर टेकवलेल्या. पहिली उघडी ठेवायची, दुसरीवर वाळलेला पाला, तिसरीवर हातभर उंच मच्छरदाणीचं कापड ताणायचं. खालच्या कडेला पत्र्याचं पन्हाळ आणि त्याखाली बाटली. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, तेव्हा पेटीचं माप घेतलंस की किती पाणी पडलं आणि किती वाहिलं हा हिशेब तुला पाटीवरही करता येईल. बाटलीतला गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी निथळून उन्हात वाळवायचा, आणि माझ्या मसाल्याच्या तराजूवर तोलायचा. गाळ बसायला रात्र जाते, ती जाऊ द्यायची. ढवळून, कपड्याने गाळून लवकर करू म्हणशील तर सगळ्यात बारीक आणि सगळ्यात कसदार माती तीच निसटून जाईल.

आणि उठायचं लवकर. हवामान खातं देशभर सकाळी साडेआठला पाऊस मोजतं, आदल्या साडेआठपासूनचा. आपणही त्याच वेळेला मोजू म्हणजे तुझे आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतील. पण साडेआठला उठून साडेआठला मोजता येत नाही, त्याआधी बाटल्या बघायच्या, पन्हाळात पान अडकलंय का बघायचं, रात्री सर किती वाजता आली ते लिहायचं. मी पाचला उठतेच. तुला साडेपाचला हाक मारीन, आलं घालून चहा देईन, आणि कुरकुर केलीस तरी ऐकून घेईन.

पंधरा दिवसांनी तू खुशाल नागपूरला जा, कॉलेज बुडवायचं मी कधीच सांगणार नाही. पेट्या इथेच राहतील. हरेलीच्या सणापर्यंत, पोळ्यापर्यंत, जमलं तर दसऱ्यापर्यंत बाटल्या मी बघेन आणि दर रविवारी आकडे पोस्टकार्डावर लिहून पाठवीन. पावसात खंड पडला तर कार्डावर शून्य लिहीन, तेही वहीत उतरवून घे. तुझ्या सरांना सांग की अहवाल दिवाळीनंतर मिळेल. समजूतदार असतील तर थांबतील.

येताना तुझ्या आजीकडची जुनी, विटलेली मच्छरदाणी मागून आण. नवी विकत घेऊ नकोस, आणि तिला म्हणावं फाटलेली चालेल, मी शिवून घेईन. पट्टी, पेन्सिल आणि दोनशे पानी वही आण. दुर्गला उतर, तिथून रिक्षा करू नकोस, बस मिळते. आईबाबांना आशीर्वाद, आजीला माझा साष्टांग नको, नुसतं म्हणावं की गुडघ्याला तेल लावत जा.

तुझी,
मोठी आजी